विद्यार्थ्यांशी बोलायचे कुठे? विद्यापीठांनी समाजमाध्यम निवडताना काय पाहावे

‘आपण इन्स्टाग्रामवर का नाही?’ हा प्रश्न महाविद्यालयांच्या बैठकांत आता नेमाने निघतो. बहुधा शेजारच्या महाविद्यालयाच्या एखाद्या रीलला मिळालेली पसंती त्यामागे असते, आणि बहुधा त्याच बैठकीत एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाकडे आठवड्याच्या १६ तासिकांच्या जोडीला ‘सोशल मीडियाचे काम’ सोपवून तो प्रश्न निकाली काढला जातो. सहा महिन्यांनी त्या खात्यावर स्वातंत्र्यदिनाचे ध्वजवंदन, दोन-तीन जयंत्या आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीच्या स्वागताची छायाचित्रे एवढाच ऐवज जमलेला असतो. विद्यार्थी मात्र परीक्षा अर्जाची मुदत वर्गप्रतिनिधीला विचारून घेतात, कारण त्यांना हवी असलेली माहिती त्या खात्यावर कधी नव्हतीच.

चूक इन्स्टाग्राम निवडण्यात नसते, ती प्रश्नांच्या क्रमात असते. कोणते माध्यम, हे ठरवण्याआधी कोणता निरोप, कोणत्या विद्यार्थ्याला, केव्हा पोहोचायला हवा आणि त्यावर उलट प्रश्न आला तर उत्तर कोण देणार, हे ठरायला हवे. हे ठरले की माध्यमाची निवड बरीचशी आपोआप होते, आणि पुष्कळदा ती बैठकीतल्या पहिल्या सूचनेपेक्षा वेगळी निघते.

समाजमाध्यमे वरवर सारखी दिसतात, कारण सगळ्यांवर मजकूर, चित्रे आणि चित्रफिती टाकता येतात. त्यांच्यातला खरा फरक निरोपाच्या प्रवासात असतो. काही माध्यमांवर निरोप थेट फोनवर येऊन पडतो. व्हॉट्सॲपचा गट हे त्याचे उदाहरण. काहींवर तो कोणाला दाखवायचा हे त्या कंपनीची गणनपद्धती (अल्गोरिदम) ठरवते; इन्स्टाग्रामवर दहा हजार अनुयायी असले, तरी एखादी नोंद त्यांतल्या किती जणांच्या पडद्यावर येईल हे महाविद्यालयाच्या हातात नसते आणि ती आजच येईल याची शाश्वतीही नसते. काही माध्यमांवर निरोप शोधून काढता येतो. यूट्यूबवरची चित्रफीत तीन वर्षांनीही गूगलच्या शोधात सापडते, उलट व्हॉट्सॲप गटातली सूचना दुसऱ्या दिवशीच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. यात आणखी दोन गोष्टी मिळवायच्या. वाचणाऱ्याला उलट विचारता येते का, आणि तिथे येण्यासाठी त्याला स्वतःचा फोन क्रमांक इतरांसमोर उघडा करावा लागतो का? विद्यापीठाच्या दृष्टीने महत्त्वाचे सगळे यात आले. अनुयायांची संख्या त्यानंतर येते.

परीक्षा अर्ज भरण्याच्या मुदतीची साधी सूचना घेऊन पाहू. तिला तारीख असते, विलंब शुल्क असते आणि ती चुकली तर विद्यार्थ्याचे सत्र धोक्यात येऊ शकते. असा निरोप गणनपद्धतीच्या मर्जीवर सोडता येत नाही. तो फोनवर थेट यायला हवा आणि मूळ परिपत्रक पुन्हा पाहता येईल अशा पक्क्या जागी असायला हवे. आता याच महाविद्यालयाच्या नाट्यसंघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची प्राथमिक फेरी पार केल्याची बातमी घ्या. ती न पाहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही, पण पाहिली तर अकरावी-बारावीच्या मुलांना हे महाविद्यालय जिवंत वाटते. तिला इन्स्टाग्रामच शोभते. दोन्ही निरोप दोन्ही ठिकाणी सारखेच टाकले, की पहिला हरवतो आणि दुसऱ्याचा कंटाळा येतो.

व्हॉट्सॲप: गट की चॅनेल?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे खरे दळणवळण व्हॉट्सॲपवर चालते, मग संस्थेने ते अधिकृत मानले असो वा नसो. प्रवेशाच्या आठवड्यातच वर्गाचा गट तयार होतो, वर्गप्रतिनिधी त्याचा ॲडमिन होतो, आणि ‘सर, उद्या लेक्चर आहे का’ पासून हॉल तिकिटापर्यंत सगळे तिथेच विचारले जाते. त्यामुळे व्हॉट्सॲप वापरावे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यातला कोणता प्रकार वापरावा, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे, आणि बहुतेक संस्था तो विचार न करताच गट उघडतात.

गटाची मर्यादा २०२२ पासून १०२४ सदस्यांची आहे. एवढ्या मोठ्या गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा फोन क्रमांक दिसतो, आणि इथेच पहिली अडचण उभी राहते. प्रथम वर्षाला आलेल्या मुलीचा क्रमांक हजारभर अनोळखी लोकांच्या हाती देण्याचा अधिकार महाविद्यालयाला कोणी दिला? नको असलेल्या संदेशांच्या तक्रारी बहुधा इथून सुरू होतात, आणि त्या विद्यार्थी कल्याण कक्षापर्यंत क्वचितच पोहोचतात. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी नवागतांचे अनौपचारिक गट करून त्यांत त्रास देणे हेही रॅगिंगच मानावे, अशी भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये घेतली. संस्थेने स्वतःचा मार्ग उपलब्ध करून दिला नाही, तर अशा गटांना आयतीच जागा मिळते, हा मुद्दाही त्यासोबत लक्षात घ्यावा.

मोठ्या संख्येसाठी दोन पर्याय आहेत. ‘कम्युनिटी’ या सोयीत वेगवेगळ्या वर्गांचे गट एका छत्राखाली आणता येतात आणि ॲडमिनला सर्वांना एकच घोषणा पाठवता येते. शाखा-तुकड्यांची रचना असलेल्या महाविद्यालयाला ती सोयीची पडते. भारतात सप्टेंबर २०२३ पासून उपलब्ध झालेले ‘चॅनेल’ हे त्याहून वेगळे आहे. तिथे संस्था लिहिते आणि विद्यार्थी वाचतात; अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, संस्थेलाही दिसत नाहीत. गोपनीयतेच्या दृष्टीने हा गटापेक्षा कितीतरी बरा मार्ग आहे. पण त्यात दोन मेखा आहेत आणि त्या न सांगता चॅनेल सुरू केले की निराशा पदरी येते. चॅनेल नेहमीच्या गप्पांच्या यादीत दिसत नाही, ते ‘अपडेट्स’च्या पानावर असते, आणि त्याच्या सूचना सुरुवातीला निःशब्द असतात, विद्यार्थ्याने घंटेचे चिन्ह दाबल्याशिवाय फोन वाजत नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रे तपासण्याच्या टेबलावरच क्यूआर कोड लावून, विद्यार्थ्याकडून चॅनेल जोडून घेऊन, घंटाही तिथेच चालू करून घ्यावी. कामाला अर्धा मिनिट लागतो, आणि पुढची तीन वर्षे त्यावर निभतात. दुसरी मेख अशी, की चॅनेलवरचा मजकूर कायम टिकण्यासाठी केलेला नाही. कंपनीने सुरुवातीला सांगितलेल्या रचनेत तिच्या सर्व्हरवर तो ३० दिवसच राहतो. चॅनेल हा सूचनाफलक झाला, दप्तरखाना तो होऊ शकत नाही.

माझे मत विचाराल तर, महत्त्वाच्या सूचनांसाठी चॅनेल आणि प्रश्नोत्तरांसाठी वर्गाएवढा लहान गट, अशी जोडी सर्वांत कमी त्रासाची ठरते. गटात वर्गशिक्षक असावेत. नुसतेच असू नयेत, तर उत्तर देण्याच्या वेळा त्यांनी सांगून ठेवाव्यात. रात्री साडेअकराला आलेल्या ‘सर, उद्याची टेस्ट कॅन्सल आहे का’ या प्रश्नाला त्याच क्षणी उत्तर देणारा शिक्षक पुढल्या वेळी पहाटेच्या प्रश्नांनाही पात्र ठरतो.

इन्स्टाग्राम आणि तिरके परिपत्रक

इन्स्टाग्राम ही आज पदवीच्या वयाच्या मुलांची फिरण्याची जागा आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली. टिकटॉकवर रमलेल्या तरुणांचा मोठा लोंढा तिकडे वळला. तिथे संस्थेने काय करावे, हे कळण्यासाठी संस्था तिथे काय करतात ते जवळून पाहावे.

एका नमुनेदार नोंदीत ए-फोर कागदावरचे परिपत्रक असते. वर संस्थेचे बोधचिन्ह आणि स्थापनेचे साल, उजवीकडे जावक क्रमांक, मध्ये ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की’ ने सुरू होणारा बारा ओळींचा परिच्छेद, खाली निळ्या शाईची सही आणि सहीवर अर्धवट बसलेला गोल शिक्का. कार्यालयातल्या टेबलावर ठेवून, पंख्याने कागदाचा कोपरा उडत असताना फोनने टिपलेले, म्हणून किंचित तिरके. इन्स्टाग्रामच्या चौकटीत बसवताना त्याचा वरचा भाग आणि शिक्का कापले जातात. अक्षरे इतकी बारीक होतात, की तारीख वाचायला बोटांनी चित्र मोठे करावे लागते. चित्रातला मजकूर निवडून घेता येत नाही, त्यातला संकेतस्थळाचा पत्ता दाबता येत नाही, आणि अंध विद्यार्थी वापरतो त्या वाचक-आज्ञावलीला तिथे केवळ एक चित्र दिसते. चित्राखालच्या मथळ्यात (कॅप्शनमध्ये) पत्ता लिहिला, तरी इन्स्टाग्रामवर तो दाबून उघडत नाही. परिणाम खालच्या प्रतिक्रियांत दिसतो: ‘सर लास्ट डेट काय आहे?’ अर्थात रोमन लिपीत लिहिलेले. त्याखाली आणखी अकरा जणांचे तेच. उत्तर एकाचेही नाही.

याच सूचनेचे इन्स्टाग्रामला साजेसे रूप अवघड नाही. उभ्या चौकटीत मोठ्या अक्षरांत तीनच गोष्टी लिहाव्यात: कोणत्या वर्षाचे अर्ज, शेवटची तारीख, त्यानंतरचे विलंब शुल्क. २४ तास टिकणाऱ्या ‘स्टोरी’मध्ये २०२१ पासून कोणत्याही खात्याला पत्ता जोडता येतो, तो थेट परिपत्रकाच्या पानावर न्यावा. मथळ्यात सगळा मजकूर अक्षरांत पुन्हा लिहावा. आणि पहिल्या दोन तासांत आलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, कारण बाकीचे शेकडो जण प्रश्न न विचारता ती उत्तरे वाचून जातात. हे सगळे केले, तरी इन्स्टाग्राम ही त्या सूचनेची दुसरी जागा राहावी, पहिली होऊ नये. नोंद शेवटच्या तारखेनंतर दोन दिवसांनी पडद्यावर येणे हा तिथला नित्याचा प्रकार आहे.

इन्स्टाग्रामचा खरा उपयोग संस्थेचा चेहरा दाखवण्यात आहे, आणि तो चेहरा प्राचार्यांच्या कक्षातला नसावा. वसतिगृहातली मेसची रांग, प्रयोगशाळेतला पहिला बिघडलेला प्रयोग, राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरातले श्रमदान, ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत चाललेला अभ्यास: पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना हे पाहायचे असते. ते टिपण्यासाठी विद्यार्थीच हवेत. मात्र खात्याची चावी त्यांच्या हाती देण्यापूर्वी काय टाकायचे नाही हे एका पानात लिहून द्यावे, आणि टाकण्यापूर्वी एका जबाबदार व्यक्तीने पाहावे. प्रत्येक महाविद्यालयाच्या नावाने निनावी ‘कन्फेशन’ आणि मीमची पाने चालतात; त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा मोह संस्थेने टाळावा. पन्नाशीच्या विभागप्रमुखांना चालू गाण्यावर नाचवून विद्यार्थी जवळ येत नाहीत. ते पडद्याची छबी (स्क्रीनशॉट) काढून ती आपापल्या गटांत फिरवतात, एवढेच.

यूट्यूब, ज्याकडे दुर्लक्ष होते

या सगळ्यात सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी चर्चेत असलेले माध्यम यूट्यूब आहे, असे मला वाटते. विद्यार्थी यूट्यूबवर मनोरंजनासाठी जातात तसेच अडल्यावरही जातात. परीक्षा अर्ज कसा भरायचा, राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, श्रेयांक साठवणाऱ्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते कसे उघडायचे, पुनर्मूल्यांकनासाठी उत्तरपत्रिकेची प्रत कशी मागवायची: या प्रश्नांची उत्तरे आज बहुधा कोणी सायबर कॅफेचालक किंवा हौशी यूट्यूबर देत असतो. त्यातली काही चांगली असतात, काही गेल्या वर्षीच्या नियमांवर बेतलेली असतात. परीक्षा विभागातल्या लिपिकाने संगणकाचा पडदा नोंदवत, शांत मराठीत, चार मिनिटांत हे समजावले, तर ती चित्रफीत दरवर्षी हजारो प्रश्न वाचवते. तिला संगीत नको, बोधचिन्हाचे फिरते प्रास्ताविकही नको. शीर्षकात शैक्षणिक वर्ष लिहावे आणि नियम बदलले की जुनी चित्रफीत काढून टाकावी, एवढे पथ्य पुरे.

यूट्यूबचे महत्त्व विद्यापीठाच्या भूगोलाशीही जोडलेले आहे. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली महाविद्यालये येतात. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी तर नोकरी, शेती आणि घर सांभाळून शिकणारे. त्यांच्यासाठी सूचनाफलकासमोर उभे राहणे ही कल्पनाच लागू पडत नाही. मुंबईतले विलेपार्ले आणि सिंधुदुर्गातले वैभववाडी इथल्या विद्यार्थ्यांचा फोन एकाच कंपनीचा असू शकतो, पण जोडणीचा वेग, घरात फोन किती जणांत वाटला जातो आणि इंग्रजी परिपत्रक वाचण्याची सवय या बाबतींत मोठी तफावत असते. मुद्रित परिपत्रकापेक्षा बोललेले मराठी पुष्कळांना लवकर कळते, आणि यूट्यूबवर चित्राचा दर्जा कमी करून कमी डेटात तेच पाहता येते.

टेलिग्रामबद्दल थोडे सावधपणे बोलावे लागते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना ते फार प्रिय आहे, आणि त्याची कारणे रास्त आहेत: गटात दोन लाखांपर्यंत सदस्य मावतात, २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते, फोन क्रमांक लपवता येतो, आणि चॅनेलवर उशिरा आलेल्यालाही आधीचे सगळे साहित्य दिसते. नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या साठ्यासाठी ते उत्तम आहे. पण तीच निनावी सोय अफवांनाही मिळते. १८ जून २०२४ रोजी झालेली यूजीसी-नेट ही सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि प्रश्नपत्रिका टेलिग्रामवर फुटल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पुढे सीबीआयच्या तपासात तिची तिथे फिरणारी छबी फेरफार केलेली असल्याचे निष्पन्न झाले. संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह लावून कोणीही तिथे चॅनेल उघडू शकतो. टेलिग्राम वापरायचेच असेल, तर अधिकृत चॅनेलचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर ठळकपणे असावा आणि ‘याखेरीज आमचे दुसरे चॅनेल नाही’ हे वाक्यही तिथेच असावे.

बाकीच्यांचा विचार थोडक्यात आटोपता येतो. फेसबुकची गंमत अशी, की ते फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघाले, विद्यापीठांच्या ईमेल पत्त्यांवर वाढले आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले. आज महाविद्यालयाच्या फेसबुक पानावर पालक, माजी विद्यार्थी आणि निवृत्त प्राध्यापक भेटतात. त्यांच्यासाठी ते चालू ठेवावे, विद्यार्थ्यांसाठी त्यावर वेळ घालवू नये. एक्स, म्हणजे जुलै २०२३ पर्यंतचे ट्विटर, पत्रकार, विद्यार्थी संघटना आणि तक्रारदार यांच्यासाठी आहे. विद्यापीठाला ते लागते, तालुक्याच्या महाविद्यालयाला बहुधा नाही. लिंक्डइनचा उपयोग शेवटच्या वर्षापासून सुरू होतो आणि माजी विद्यार्थी कुठे काम करतात हे शोधण्यासाठी त्याला पर्याय नाही, त्यामुळे प्लेसमेंट कक्षाने ते स्वतःकडे घ्यावे. डिस्कॉर्ड हे गटगप्पांचे ॲप संगणक शाखेच्या क्लबांना आवडते. त्यांना ते चालवू द्यावे आणि संस्थेने दुरून पाहावे.

विचारावे कसे?

कोणते माध्यम चालते हे शोधण्यासाठी देशभरातल्या आकडेवारीपेक्षा आपल्या वर्गातले दहा प्रश्न अधिक कामाचे. पण प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘तुम्ही कोणते ॲप वापरता?’ असे विचारले, तर सगळे सगळ्यांवर टिचकी मारतात आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘मागच्या सत्राच्या परीक्षा अर्जाची तारीख तुम्हाला प्रथम कुठून कळली?’ असे विचारावे. उत्तरांत वर्गप्रतिनिधी, मैत्रीण, क्लासचे सर, झेरॉक्सच्या दुकानावरची चिठ्ठी हेही येईल, आणि तेच खरे चित्र असेल. शाखा, वर्ष, वसतिगृहात की रोज ये-जा, स्वतःचा फोन की घरचा, अशा गटांत ही उत्तरे लावली, की कोण वगळले जात आहे ते उघड होते. एसटीने रोज तासभर प्रवास करणाऱ्या आणि शेवटच्या तासाआधीच निघाव्या लागणाऱ्या मुलींना सूचनाफलकही मिळत नाही आणि संध्याकाळचे इन्स्टाग्राम लाइव्हही मिळत नाही.

विद्यार्थ्यांच्या मर्जीची सीमाही इथे ओळखावी. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या उच्च शिक्षण विभागाने सर्व उच्च शिक्षण संस्थांना पत्र पाठवून एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमायला आणि विद्यार्थ्यांची फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम खाती संस्थेच्या व मंत्रालयाच्या खात्यांशी जोडायला सांगितले होते. हेतू संस्थांच्या यशकथा पसरवण्याचा होता, पण ही विद्यार्थ्यांवर नजर ठेवण्याची वाट आहे अशी टीका तत्काळ झाली. ती टीका समजून घेतली पाहिजे. विद्यार्थ्याने संस्थेला पाहावे. संस्थेने विद्यार्थ्याचे खासगी खाते पाहण्याची त्याला अट घालू नये. उपस्थितीसाठी, गुणांसाठी किंवा स्पर्धेच्या प्रवेशासाठी ‘आमचे पान फॉलो करा’ ही सक्ती आजही काही ठिकाणी चालते. तिने संख्या वाढते आणि विश्वास कमी होतो.

कायद्यानेही आता काही बंधने येत आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षित आहे. कनिष्ठ महाविद्यालयातले जवळजवळ सगळे आणि प्रथम वर्षातले बरेचसे विद्यार्थी यात बसतात. कायदा बाजूला ठेवला, तरी शिष्यवृत्तीच्या याद्या नाव, प्रवर्ग आणि बँक खात्यासह पीडीएफ करून गटावर टाकणे, किंवा नापासांची यादी नावानिशी लावणे, हे थांबायलाच हवे. ज्याच्या त्याच्या लॉगिनवर दिसेल ती माहिती समाजमाध्यमावर जाण्याचे कारण नाही.

उत्तर देणारा माणूस

निवडीचा शेवटचा निकष सर्वांत रुक्ष आणि सर्वांत निर्णायक आहे: हे चालवणार कोण? पाच माध्यमांवर मुके असण्यापेक्षा दोनांवर बोलके असणे केव्हाही चांगले. रोज अर्धा तास उत्तरांसाठी देऊ शकेल असे एक माणूस असेल, तर व्हॉट्सॲप चॅनेल आणि यूट्यूब एवढेच घ्यावे. विद्यार्थ्यांची उत्साही चमू आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा शिक्षक मिळाला, की इन्स्टाग्राम जोडावे. विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात पूर्ण वेळ माणसे असतील, तर एक्स आणि लिंक्डइन घ्यावे.

खाती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तर सुरुवातीलाच सोडवावा. महाविद्यालयाचे खाते एखाद्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक फोनवरून उघडले जाते, तो मे महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडतो, आणि जूनमध्ये नव्या प्रवेशांच्या ऐन गर्दीत संकेतशब्द कोणालाच ठाऊक नसतो, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडते. खाते संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्याच सिमकार्डवर असावे, प्रवेशाचा अधिकार किमान दोघांकडे असावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी, आणि शैक्षणिक वर्षाच्या शेवटी त्याचे हस्तांतर ग्रंथालयाच्या ना-देय दाखल्याइतक्याच काटेकोरपणे व्हावे.

कोणतेही माध्यम आपले नसते, हेही नियोजनात धरावे लागते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. टिकटॉकवरचे सगळे अनुयायी एका आदेशाने दिसेनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही एकाच कंपनीची तिन्ही माध्यमे जगभर सुमारे सहा तास ठप्प होती. ती रात्र परीक्षेच्या आदल्या दिवसाची असती तर? मुसळधार पावसामुळे सकाळचा पेपर पुढे ढकलण्याची वेळ मुंबई-कोकणात येते, आणि त्या दिवशी खऱ्या परिपत्रकाआधी गेल्या वर्षीचे परिपत्रक तारीख खोडून फिरू लागते. म्हणून मूळ सूचना आधी संस्थेच्या संकेतस्थळावर, तारीख आणि जावक क्रमांकासह, फोनवर उघडेल अशा साध्या पानावर यावी. चॅनेल, इन्स्टाग्राम आणि एसएमएसने तिथला पत्ता फक्त पोहोचवावा. संकेतस्थळावर नाही ते खरे नाही, ही सवय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच लागली, तर खोट्या परिपत्रकांचे निम्मे बळ जाते.

यश मोजायचे तर अनुयायी आणि पसंती मोजून फार काही कळत नाही. विलंब शुल्क भरणाऱ्यांची संख्या मागच्या सत्रापेक्षा घटली का, परीक्षा विभागाच्या खिडकीवर तोच तो प्रश्न किती वेळा आला, शिष्यवृत्तीचे किती अर्ज त्रुटींमुळे परत आले, हे आकडे कार्यालयात आधीच असतात. ते सत्राच्या शेवटी काढून पाहावेत. एखादे माध्यम यात काहीच भर घालत नसेल, तर ते बंद करावे. बंद करताना खाते पुसून टाकू नये, कारण मोकळे झालेले नाव पुढे कोणीही घेऊ शकते. शेवटची नोंद वर खोचून ठेवावी: हे खाते अमुक तारखेपासून चालवले जात नाही, सूचना या पत्त्यावर मिळतील.